एकची शिट्टी

शिट्टी सरांच्या गळ्यात कायम शिट्टी असायची, पण मैदानावर ती वाजलेली मी फारशी ऐकली नाही. ती वाजायची दुपारी एकला, जेवणासाठी. जिमखान्याच्या दारात उभं राहून, गाल फुगवून ते अशी काही शिट्टी मारत की फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यांना वाटे, ट्रॅफिक पोलीस आला. नवे विद्यार्थी पहिले काही दिवस दचकून जागच्या जागी उभे राहत. जुने मुकाट्याने डबे काढत.

हुद्द्याने ते आमच्या विद्यापीठाच्या वसईतल्या संकुलाचे क्रीडा संचालक. आगाशीकडचे वाडीवाले, घरची केळी, घरचे नारळ. अंगाने धिप्पाड, आणि आपल्या तब्येतीचा त्यांना भारी अभिमान. "माझ्या वयाचा असा माणूस दाखवा," असं ते कोणालाही म्हणत. वय मात्र सांगत नसत. वैद्यकशास्त्रातली त्यांची मतं ठाम होती आणि बहुतेक चुकीची होती. ए.सी.ने गुडघे जातात. उभ्याने पाणी प्यालं की ते थेट टाचेत उतरतं. पोट बिघडलं तरी केळं, पोट अडलं तरी केळं. एकच औषध दोन्हीकडे कसं चालेल, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "केळ्याला कळतं."

अशा माणसाकडे संकुलाचं आरोग्य कसं गेलं, ते सांगतो. प्रत्येक संकुलात आरोग्य व स्वास्थ्य संवर्धन कक्ष हवा, असं एक परिपत्रक वरून आलं. आमच्या प्राचार्यांनी विचार केला: आरोग्य म्हणजे शरीर, शरीर म्हणजे व्यायाम, व्यायाम म्हणजे जिमखाना. संपला विचार. बाकीच्या संकुलांत योगाच्या चटया आल्या, ध्यानाची खोली आली, पावलं मोजणारं ॲप आलं. शिट्टी सरांनी जिमखान्यातलं टेबल टेनिसचं टेबल व्हरांड्यात ओढलं, भोवती बाकं मांडली आणि सांगितलं, उद्यापासून सगळ्यांनी इथे जेवायचं. शिक्षक, शिपाई, विद्यार्थी, जो असेल तो. "माणूस एकटा जेवला की आजारी पडतो. बाकीची कारणं मागून येतात." याला पुरावा काय, असं मी विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "हा काय समोर उभाय."

ते खरं होतं, पण म्हणून मला आवडलं असं नाही. मी सांगलीकडचा. अकाउंट्स शिकवायला इकडे आलो आणि नायगावच्या एका टॉवरमध्ये भाड्याने राहू लागलो. बायको तिकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिची बदली काही होईना. दुपारी विभागाचं दार लोटून, पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून, समोर काहीतरी चालू ठेवून मी बिस्किटं खायचो. मला माणसांचा कंटाळा नव्हता, फक्त जेवताना ती नको असायची. एके दिवशी सर दार न वाजवता आत आले.

"जेवलात का?"

"हो, आत्ताच."

"मीठ कसं होतं?"

"बरोबर होतं."

"मग नाही जेवलात," असं म्हणून त्यांनी माझा मोबाइल उचलला आणि चालायला लागले. मोबाइल त्यांच्या हातात म्हटल्यावर मला मागे जाणं भागच होतं. वाटेत त्यांनी मला त्यांचं शास्त्र सांगितलं. खोटं बोलणाऱ्याचं मीठ नेहमी बरोबर असतं. खरं जेवलेला माणूस जेवणाला नावं ठेवतो. ही परीक्षा ते सगळ्यांवर करत, घरच्यांवरसुद्धा. परीक्षेच्या दिवसांत चहावर राहणारी पोरं, वजन उतरवायला उपाशी राहणाऱ्या मुली, घरी भांडून डबा न घेता आलेले मास्तर, सगळे या एका प्रश्नाला सापडत. कोणाला ते का जेवला नाहीस असं विचारत नसत. नुसतं बाकावर जागा करत.

टेबलाची जाळी त्यांनी काढली नव्हती. जाळीच्या अलीकडे शाकाहारी, पलीकडे मासे. मधून फक्त लोणचं जायचं. दुसरं काही गेलं की सर "फॉल्ट!" म्हणून ओरडत. पलीकडची बाजू दोघींच्या ताब्यात होती. एक, केमिस्ट्रीच्या फिलोमिना मॅडम, नंदाखाल गावच्या. दुसरी, त्यांच्याच प्रयोगशाळेतली हिराबाई, अर्नाळ्याची कोळीण. श्रावण लागला की पलीकडचं सगळं टेबल डबे उचलून अलीकडे यायचं आणि फिलोमिना मॅडम एवढ्या मोठ्या बाजूला राणीसारख्या एकट्या बसायच्या. त्यांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की त्या अलीकडे, आणि मग पलीकडे राहिलेली हिराबाई म्हणायची, "आता कोन एकटं पडलं?" नवीन माणूस कोणत्या धर्माचा, हे आम्हाला कधी विचारावं लागलं नाही. तो वर्षात कोणत्या महिन्यात जाळी ओलांडतो, एवढं बघितलं की पुरे. मी पहिलं वर्ष अलीकडे काढलं. दुसऱ्या वर्षी हिराबाईच्या बोंबलाच्या कालवणाने माझा धर्म बाटवला आणि मी कायमचा पलीकडचा झालो.

एकदा आरोग्य सप्ताहासाठी मुंबईहून एक बाई सजग आहारावर बोलायला आल्या. त्यांनी प्रत्येकाच्या हातावर एकेक मनुका ठेवली. डोळे मिटा, मनुकेचा वास घ्या, तिच्या सुरकुत्या अनुभवा, सावकाश चावा. सगळं सभागृह मनुका अनुभवत होतं. तेवढ्यात एक वाजला आणि सरांनी पहिल्या रांगेतूनच शिट्टी मारली. बाईंच्या हातातला माइक पडला. सर उठून अदबीने म्हणाले, "मॅडम, मनुका छान होती. आता जेवू या." बाई आधी रागावल्या, मग जाळीच्या अलीकडे बसून त्यांनी दोन वाट्या वालाचं बिरडं खाल्लं आणि मीठ थोडं जास्त आहे, असं बोलल्या. सर खूश झाले. वर्षअखेरीस कक्षाचा अहवाल त्यांनी मला लिहायला लावला आणि स्वतः मजकूर सांगितला. उपक्रम: जेवण. लाभार्थी: जे आले ते. निष्पत्ती: जेवले. प्राचार्यांनी तो तीन वेळा परत पाठवला. सरांनी तो तीन वेळा तसाच वर धाडला.

मग एका पावसाळ्यात सर हळू जेवायला लागले. आधी भाकरीला नावं ठेवली, सून जाड करते म्हणाले. मग भाताला. नंतर नावं ठेवणंच बंद झालं. एक दिवस त्यांचा डबा अर्धा तसाच राहिला होता, म्हणून मी सहज चेष्टेने विचारलं, "सर, मीठ कसं आहे?"

"बरोबर आहे," सर म्हणाले.

टेबलावर दोन्ही बाजूंचे हात थांबले. त्यांनी कधी कोणाचं मीठ बरोबर म्हटलं नव्हतं, स्वतःच्या बायकोचं तर नाहीच. त्यांच्याही लक्षात आलं. ते डब्याचं झाकण लावत बसले, ते काही लागेना. फिलोमिना मॅडम एवढंच म्हणाल्या, "सर, उद्या डॉक्टर. मी येते सोबत."

अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. मुंबईला उपचार झाले, बरेच महिने गेले. सर परत आले ते निम्मे होऊन. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. गळ्यात शिट्टी होती. घशाखाली आता फक्त पातळ उतरायचं: पेज, सार, काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, गाळून दिलेलं माशांचं पाणी. सर दहाला यायचे, सह्या करायचे, पोरांना मैदानावर पिटाळायचे. एक वाजायच्या आधी मात्र आपल्या केबिनमध्ये जायचे आणि आतून कडी लावायचे. शिट्टी वाजत नसे.

शिट्टीवाचून टेबल किती दिवस टिकणार? कोणी बाराला जेवून घेई, कोणी दोनला. पोरं कँटीनकडे वळली. एक दिवस मी विभागाचं दार लोटलं, बाटलीला मोबाइल टेकवला आणि बिस्किटाचा पुडा फोडला. तेव्हा मला सरांचा भयंकर राग आला. आजारी माणसाचा राग येऊ नये, हे मला कळतं. पण ज्याने मला इथून उठवून नेलं, तो आता स्वतः कडी लावून एकटा थर्मास उघडून बसला होता. आणि त्याच्याच शास्त्राप्रमाणे एकटं जेवून त्याचं काय होणार, हे मला दिसत होतं. मला भीती वाटत होती, हेच खरं.

मी व्हरांड्यात गेलो. टेबलाशी हिराबाई आणि फिलोमिना मॅडम दोघीच. मॅडम म्हणाल्या, "त्यांना बोलवायचं कसं? येत नाहीत ते."

हिराबाईने टेबलाच्या पायांकडे बघितलं. "टेबलाला चाकं हायेत ना? मग कोनाची वाट बघताय?"

टेबल घडी करून आम्ही ते व्हरांड्यातून ढकलत नेलं. एक चाक कोकलत होतं. कॉम्प्युटर लॅबच्या उंबऱ्यावर ते अडकलं, तेव्हा आतली पोरं उचलायला आली आणि मग तीही डबे घेऊन मागे आली. सरांच्या केबिनसमोर आम्ही टेबल उघडलं, बाकं लावली, बसलो. अगदी दाराला भिडवून. दार बाहेर उघडतं, हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

हिराबाईने डबा उघडला आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "सर, जेवन थंड होतंय."

आत खुर्ची सरकली. मग कडी निघाली, दार ढकललं गेलं आणि टेबलावर आपटलं. परत ढकललं, परत आपटलं. फटीतून सरांचा एक डोळा दिसला. आता रडतील की काय, असं मला वाटलं. मला तर रडूच येत होतं. डोळा टेबलावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला.

"जाळी कुठाय?" सर म्हणाले.

जाळी व्हरांड्यात राहिली होती. एक मुलगी धावत जाऊन घेऊन आली. टेबल मागे घेऊन आम्ही सरांना बाहेर काढलं. त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता आणि त्यात गाळलेलं माशांचं पाणी. फिलोमिना मॅडमनी पलीकडे जागा केली, "इकडे सर, मासे आहेत ते." सरांनी जाळीच्या टोकाला, बरोबर मधोमध, खुर्ची ओढली. "मी पंच. पंचाला बाजू नसते." मग शिट्टी तोंडात घेतली. ती फुसकीच वाजली, फाटकापर्यंतसुद्धा गेली नसेल. आम्ही जेवायला सुरुवात केली.

जेवण संपत आल्यावर ते माझ्याकडे न बघता बोलले. "मी समोर असलो की तुम्ही लोक कमी जेवाल, असं वाटलं मला." त्या दिवशी कोणीच कमी जेवलं नाही. हिराबाईने तर वाढून वाढून पोरांना बेजार केलं.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सर पंचाच्या खुर्चीत बसले. पेल्यातलं कमी होत गेलं, पण एक वाजलेला त्यांनी चुकवला नाही. सुट्टीनंतर ते आलेच नाहीत. मग रविवारी आम्ही डबे घेऊन आगाशीला जायचो आणि त्यांच्या खाटेभोवती बसून जेवायचो. काकू आधी संकोचायच्या, नंतर पानं मांडायला लागल्या. सर डोळे मिटून असायचे आणि मधेच "फॉल्ट" म्हणायचे. थंडी सरता सरता गेले.

टेबल पुन्हा व्हरांड्यात आहे. एकला हिराबाई ताटावर पळी बडवते. पंचाच्या खुर्चीवर पाण्याचा जग ठेवलेला असतो. "पान्याला बाजू नसते," ती म्हणते.

तेरावं उरकल्यावर, पाहुणेरावळे पांगल्यावर एका रविवारी मी एकटाच काकूंना भेटायला गेलो. काकू ओटीवर सूप पुढ्यात घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मागे फोटो, फोटोच्या खिळ्याला शिट्टी. आम्ही केळीच्या बागेबद्दल बोललो, माझ्या बायकोच्या बदलीबद्दल बोललो. सरांबद्दल दोघेही बोललो नाही. गेले काही दिवस मला भूक लागत नव्हती, आणि त्या दिवशी सकाळपासून चहाखेरीज पोटात काही गेलं नव्हतं. ते काही तिथे सांगायचं नव्हतं.

"जेवलात का?" काकूंनी विचारलं.

"हो हो, जेवूनच निघालो."

काकूंनी शेंगांमधून मान वर केली नाही. "मीठ कसं होतं?"

"बरोबर होतं," मी म्हणालो.

काकूंनी सुनेला आत हाक मारली, "एक ताट वाढ गो." आणि सूप बाजूला सारून माझ्याबरोबर बसायला उठल्या.