भाईंदरची ई

एसटी सुटायला आली होती आणि आई माझ्या पिशवीत हात घालून उभी होती. लाडवांचा डबा तिला काही सापडेना. सापडले ते कागद.

"सुमे, लाडू काढून ठेवलेस नि ही रद्दी भरलीस? मुंबईत रद्दी मिळत नाय काय?"

अख्खा थांबा हसला, कंडक्टरसुद्धा. मी रडत होते ती हसायला लागले. त्यामुळे माझं गाव सुटण्याची गोष्ट तुमच्यासारखी डोळ्यांत पाणी आणून सांगता येत नाही मला. वाडीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या पिशवी उचलून निघालेल्यांनो, मी त्या रद्दीचीच गोष्ट सांगते. कारण तिच्याच जोरावर मी इथे राहिले.

आठवीनंतरची शाळा खाडीपलीकडे होती आणि मी होडीला घाबरायचे. होडी हलली की डोळे मिटून तिचा काठ धरायचे. चार दिवस शाळेत गेले, पाचव्या दिवशी नाही म्हटलं. घरातही कामाला हात हवेच होते, त्यामुळे कुणी फार आग्रह केला नाही. मग वाचायला उरलं काय? साबणाची वेष्टणं, काडेपेट्यांवरची चित्रं, साखर बांधून आलेले पेपरचे तुकडे. कागदावर 'कोमल त्वचेसाठी' असं छापलेलं असायचं, आणि मी म्हैस धुताना तिला ते म्हणून दाखवायचे. रेडिओवरच्या जाहिराती पाठ करून त्यात वाडीतल्यांची नावं घालायचे. शिव्याही खाल्ल्या त्यापायी.

एका दुपारी आईच म्हणाली, मला पण एक काहीतरी शिकव. आवळ्याच्या तेलाच्या खोक्यावरून 'आ' कापला, मलईच्या बिस्किटांच्या पुड्यावरून 'ई' कापली, आणि भाताच्या शितांनी दोन्ही अक्षरं भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवली. आ, ई. आई. तिने बोट ठेवून तीनदा वाचलं. पुढचा शब्द शिकवायच्या आधीच भाईंदरहून मावशीचा निरोप आला की सुमीला पाठव, इथे कामं आहेत. म्हणजे आईला वाचायला येत होता तो एवढा एकच शब्द.

एसटीच्या खिडकीत ती शेवटचं बोलली, "जमलं तर ऱ्हा. नाय जमलं तर लाज वाटून घेऊ नको. मी न्यायला येते."

हे ती धीर द्यायला बोलली होती. मी मात्र त्याचीच धास्ती घेतली. तिला न्यायला यायला लागू नये, एवढं एकच माझ्या डोक्यात.

ही दोन हजार तीन-चारच्या आसपासची गोष्ट. भाईंदर पूर्वेला मावशीची खोली. ती जवळच हाटकेशच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका गाळ्यात अगरबत्तीच्या पॅकिंगला जायची, मी पण जायला लागले. शेजारणी गुजराती, मारवाडी, यूपीच्या. भाजीवाल्याशी हिंदी, मावशीशी मराठी, आणि घाबरले की आपली वाडीची बोली. रिक्षांच्या मागे लिहिलेलं वाचत चालायचे, दोनदा गटारात पाय गेला. रिकाम्या वेळी अगरबत्तीच्या खोक्यांवर आपलं आपलंच काहीतरी जुळवायचे. 'दिवा नसला तरी चालेल, देव वासाने येईल', असलं. बायका हसायच्या.

वर्षभरात गाळा बंद झाला. मावशीने गावी फोन केला, आणि आईने लगेच कळवलं की महिन्याभरात घरची कामं उरकून येते.

बोलल्याप्रमाणे न्यायला येत होती.

मावशीच्या बिल्डिंगखाली केबलचं ऑफिस होतं, त्यांना त्याच सुमारास मराठी टायपिंगला कुणीतरी हवं होतं. तुम्हाला आठवत असेल, केबलवाल्याच्या चॅनलवर पिक्चर चालायचा आणि खालून जाहिरातींची पट्टी सरकत जायची. ती पट्टी लिहायची; बटणं कुठली दाबायची ते तिथेच शिकवणार होते. मालक जयवंतदादा इथलेच, भाईंदरच्या खाडीकाठच्या गावातले. मला बघून म्हणाले, "लिवता येतंय ना? मंग झाला. सर्टिफिकेट काय पट्टीवर दिसत न्हाय. म्हैनाभर बगतो, चुकलीस तर घरी."

तीन आठवडे न चुकता गेले. चौथ्या आठवड्याच्या शुक्रवारी केबिन रोडच्या साडीवाल्या शेठचा फोन आला.

"लिखो बेटा. आई! आई! आई! नई साड़ी आई! केबिन रोड पे. मराठी में डालना, हाँ?"

माझी हिंदी तेव्हा सीरियलमधून शिकलेली. त्यात बायका रडायच्या नाहीतर कट करायच्या, साड्या कुणी विकत नसे. शेठच्या हिंदीतली 'आई' म्हणजे 'आली', हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी ऐकली ती आपली आई. मला वाटलं, काय मायाळू माणूस आहे, आईला हाक मारतोय! आईच्या दोन साड्या डोळ्यांपुढे आल्या. दोन्ही दुसऱ्या कुणीतरी पसंत केलेल्या. आणि मी पट्टी लिहिली:

'आई! आई! आई! नवी साडी नेस ना, आई! तुला कुठला रंग आवडतो, कधी विचारलंच नाही. केबिन रोडला ये.'

शनिवारी सकाळी आई आली. बोचकं मांडीवर घेऊन बसली, सोडलंसुद्धा नाही. तेवढ्यात शेजारच्या काकूंच्या फोनवर जयवंतदादा: "शेठ आलाय हिकडं. तू बी ये. काय लिवलंस ते?" मी आईला टीव्ही लावून दिला आणि जिना उतरले. होडीचा काठ धरावा तसा कठडा धरून.

शेठ हात नाचवत उभे होते. "मैंने बोला साड़ी आई, तुमने तो माँ बुला ली! सुबह से लेडीज लोग अपनी-अपनी माँ को लेके खड़ी हैं. पूछती हैं, आईवाली साड़ी किधर है?"

माझा हात पट्टी बंद करायच्या बटणाकडे गेला.

"काडू का पट्टी, शेठ?" दादांनी विचारलं.

"अरे, काडू क्या? दिवाली तक चालू रखो! मेरे को बस ये बताओ, ये आईवाली साड़ी होती कैसी है?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "हलकी पाहिजे," मी म्हटलं. "काठ बारीक. धुतली की रंग जाता कामा नये. आणि नेसून चुलीपुढे बसता आलं पाहिजे." जन्मात पहिल्यांदा मी न अडखळता उत्तर दिलं असेन. शेठनी तसलीच एक साडी दुकानातून मागवली आणि पिशवीसकट माझ्या हातात ठेवली. "ये तेरी आई की."

दादा म्हणाले, "म्हैना भराचा बाकी हाय. पन भरला समज."

मी जिना कसा चढले मला आठवत नाही. आई टीव्हीपुढे तशीच बसलेली, बोचकं अजून मांडीवर. पट्टी सरकत होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली,

"किती हाका मारतेस गो? सकाळधरनं बघतेय. हितंच तर बसलेय मी."

मी साडीची पिशवी तिच्यापुढे ठेवली. मग तिनेच सांगितलं, "बाकीचं काय लिवलंस ते मावशीनं वाचून दावलं. रंग इचारलास ना? मोरपंखी."

पिशवीत वांगी रंगाची निघाली. आम्ही तिघी इतक्या हसलो की शेजारच्या काकू बघायला आल्या. आईने तीच नेसली, चार दिवस राहिली, आणि परत जाताना एसटीत एकटीच बसली. मला चल म्हणाली नाही. पिशवी तेवढी घडी करून घेऊन गेली.

त्यानंतर किती पट्ट्या लिहिल्या. ट्यूशनच्या, हरवलेल्या चष्म्यांच्या, कुणाच्या नातवाच्या बारशाच्या. दर वेळी बटण दाबायच्या आधी तीनदा वाचायचे, आणि दर वेळी मावशीचे आणि जयवंतदादांचे मनात पाय धरायचे. शिकलेली असते तर ती चूक माझ्या हातून झालीच नसती, असं वाटतं कधी कधी. पण हे शाळेत जाणाऱ्या पोरींना सांगू नका.

परवा गावी गेले होते. भिंतीवरचा 'आ' पिवळा पडलाय, पण आहे. 'ई' मात्र मागेच वाळवीने खाल्ली होती. नवी लावायची म्हणून मी इथून चांगले चार-पाच कागद घेऊन गेले. बघते तर जागा भरलेली. आईने स्वतः शोधून, कापून, शितांनी चिकटवलेली 'ई', जरा वाकडी, आणि डोक्यावर टिंब.

"आई, ही कुठून आणलीस?"

तिने कोनाड्यातून साडीची ती जुनी पिशवी काढून दाखवली. खाली पत्ता छापलेला, केबिन रोड, भाईंदर. भाईंदरच्या मधोमध चौकोनी भोक.

"त्यात गावली," ती म्हणाली. "टिंब जादाचं हाय काय?"

"असू दे," मी म्हटलं, आणि माझे कागद पिशवीतून बाहेर काढलेच नाहीत.