तुला कोण लाच देणार?

“तू हात खाली घे. तुला कोण लाच देणार?”

साहेब माईकवरून बोलले आणि सगळा हॉल हसला.

सोलापुरातल्या आमच्या सरकारी ऑफिसात त्या दिवशी कर्मचाऱ्यांना नीतिनियमांची पुस्तिका वाटायची होती. लाच घेऊ नये, हाताखालच्या माणसाला घरच्या कामाला जुंपू नये, सगळ्यांशी सभ्यतेनं वागावं, असं त्यात छापलेलं. गठ्ठे तळमजल्यावरून मीच उचलून आणले. सुतळी मीच सोडली. रांगेतून फिरत प्रत्येकाला पुस्तिका मीच दिली. हातात नाही. बाजूच्या खुर्चीवर, मांडीवरच्या पर्सवर. मी तिथले संडास धुवायची. माझ्या हातातून थेट कुणी काही घेत नाही. हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही.

मग शपथ. सगळे उभे राहिले, उजवा हात पुढे. मी दाराशी उभी होते. शाळेत प्रतिज्ञेला जायचा तसा माझाही हात आपोआप पुढे गेला. तो साहेबांना दिसला.

लोक हसले आणि मीही हसले. पदर तोंडाला लावून. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. पण ठेक्यावरची बाई साहेबांच्या विनोदाला हसली नाही, तर ठेकेदाराला फोन जातो.

चहा झाल्यावर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

“घरी जाऊन ये. बाथरूम तुंबलंय, मॅडमनी बोलावलंय.”

हे नेहमीचंच. हजेरी इथं, घाम तिथं. साहेब शिवी देत नाहीत, हे सांगितलं पाहिजे. दिवाळीला साडीही देतात, मॅडमनी नेसून झालेली. माझी सासू आधीच्या साहेबांच्या घरी हेच करायची. ती थकली, तिच्या जागी मला लावलं. नवऱ्याचा यंत्रमाग बंद पडल्यापासून घर माझ्या एकटीवर. सोडून जाणार कुठं? रोज सकाळी ऑफिसच्या पायरीवर पाय जड व्हायचे, तरी चढत होते.

त्या दिवशी कंबर धरली होती. म्हणाले, “साहेब, उद्या जाऊ का? लई दुकतंय.”

“मग पोरीला पाठव की. अकरावीला आहे ना? तुमच्यात हे काम पिढीजातच. तिलाही आतापासून सवय होईल.”

किती सहज बोलले! जणू माझी काळजीच घेत होते. बोलताना मोबाईलवरची नजरसुद्धा वर केली नाही.

माझ्या अंगाची आग झाली. सासू. मी. आता ती. तीच पोरगी, जी रात्री भांडी घासून झाल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर वह्या पसरून बसते.

“न्हाय,” मी म्हणाले.

“काय नाही?”

“पोरगी येनार न्हाय. मीबी येनार न्हाय. माजं काम हितलं हाय.”

बाजूला फायली घेऊन हेडक्लार्क उभे होते, अक्कलकोटकडचे. हळूच म्हणाले, “सुम्निरु, बाई.” म्हणजे कानडीत ‘गप्प राहा’. माझं माहेर वळसंगचं, मला कानडी कळतं. माणूस भला. पण त्यांनाही आपला मुलगा इथंच चिकटवायचा होता.

“लई वर्सं गप्पच हाय की,” मी म्हणाले.

साहेबांनी फोन उचलला. मी बाहेर आले. जिन्यात भिंतीला धरून उभी राहिले आणि रडले. भीतीनंच रडले, उगाच शूरपणा सांगत नाही.

संध्याकाळी ठेकेदार म्हणाला, “उद्यापासून मंडईच्या मुताऱ्या. न्हायतर साहेबांची माफी माग, मी मिटवतो.”

माफी मागितली नाही. आता मंडईच्या मुताऱ्या धुते. वास घरापर्यंत येतो. नवरा म्हणतो, अडून बसून काय मिळवलंस? ठेका संपला की मला काढतील, हे मलाही ठाऊक आहे. मी सुटलेले नाही. झाडू माझ्याच हातात आहे.

पण हे काम आमच्या घरात माझ्यापाशी संपतं. ज्या दिवशी मला काढतील, त्या दिवशी माझ्या जागी माझी पोरगी उभी राहणार नाही. त्यांनी दुसरं कुणी शोधू नये. आपली घाण आपल्या हातानं धुवावी.