कोयीचं पाणी

पुण्याला शिकणारी माझी लेक दिवाळीला शिरूरला आली, तेव्हा पिशवीतून एक अवोकॅडो घेऊन आली. वरून खरखरीत काळपट साल, आत हिरवट लोणी. तिनं त्यात मीठ-तिखट घालून पोळीला लावून दिलं. मी एक घास घेतला आणि तोंडातच धरून बसले. ना गोड, ना आंबट, साबण कालवल्यासारखा. कसाबसा गिळला, वर चहा प्याले, तरी टाळूचा ओशटपणा जाईना.

तिनं कोय धुऊन तिला दात कोरायच्या काड्या टोचल्या आणि काचेच्या गिलासात ती अर्धी बुडेल अशी टेकवून ठेवली. घरच्या घरी झाड येतं म्हणाली. सुट्टी संपल्यावर ती गेली आणि पाणी बदलायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

गिलास स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. जरा दुर्लक्ष झालं की पाण्यावर साय धरायची. कोय हाताला शेंबडासारखी बुळबुळीत लागायची, सालीचे तपकिरी पापुद्रे सुटून तरंगायचे. नाकाला पदर लावून मी ते मोरीत ओतायचे आणि हात साबणानं धुतल्याशिवाय कणकेला लावायचे नाही. पुढं कोय फुटली आणि खालून पांढरं मूळ निघालं, थेट जंतासारखं. लेकीला फोनवर सांगितलं तर तिला केवढा आनंद. मी त्या दिवशी शेवया करणार होते, त्या केल्या नाहीत.

एका दुपारी पाणी बदलायला म्हणून मी कोय काढून ताटलीत ठेवली, तेवढ्यात दारात भाजीवाली आली. भाजी घेऊन आत आले तर सासरे खिडकीशी उभे. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं. रक्तदाबाची गोळी तोंडात टाकून त्यांनी हाताला आला तो गिलास उचलला होता. निम्मा रिकामा होता. मिशीवरून पाणी ओघळत होतं.

"सूनबाई, पाण्याला वास कशाचा येतोय?"

मला सांगावं लागलं. ऐकताच ते मोरीकडं धावले आणि भडभडून ओकले. त्यासोबत कवळीही बाहेर पडली. ती मोरीच्या जाळीवरून, त्या सगळ्यातून, मी बोटांनी उचलली. मलाही उमळून आलं, पण दोघांना मोरी एकच. श्वास कोंडून मी कवळी धुतली आणि त्यांच्या हातात दिली.

आता ते मला बोलतील, असं वाटलं. ते चूळ भरून बाजेवर जाऊन बसले. मिशी पुसत म्हणाले, "घरात ठिवू नका ते. लई घाण हाय. पर फेकू बी नका, पोरीनं लावलंय."

संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून कोय अंगणात लावली. रोप वाढलं. वितीएवढी पानं आली, उन्हाळ्यात ती कडेनं करपली, तेव्हा सासऱ्यांनीच त्यावर जुन्या लुगड्याची सावली बांधली. आता ते रोज सकाळी तिथं बसून कवळी घासतात आणि खाकरून चूळ बुंध्यात टाकतात. टँकरचं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणतात. झाडाला ते मानवलेलं दिसतं. मी चहा घेऊन अंगणात बसते, पण त्या बाजूला पाठ करून.