आत्याचा हातगुण

पाथर्डीच्या एसटीच्या कंडक्टरनं चिठ्ठी हातात दिली तेव्हा मी शाळेला निघाले होते. ‘चंद्राआत्या गेली. काल माती दिली.’ एवढंच. महिना होऊन गेला, पण वह्या तपासायला घेतल्या की अजून तीच ओळ दिसते...

चंद्राआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. कोंबड्या हेच तिचं गोकुळ. अंडं तळहातावर घेऊन ते कुणाचं, हे ती सांगायची. चहाच्या रंगाचं, बारीक ठिपक्यांचं ते कवडीचं. फिकट, लांबोडकं ते लंगडीचं. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, गोल अंड्यातून तलंग, असं तिचं ठाम मत. खरं-खोटं देव जाणे, पण कोंबडी अंड्यांवर बसवायची तर गाव तिलाच बोलवायचं. तिचा हातगुणच तसा होता. मी तिला ‘कोंबड्यांची डॉक्टरीण’ म्हणून चिडवायचे.

दुष्काळात दाणा माणसांनाच मिळेना. अंडी लिंबाएवढी झाली, कवच बोटानं दबायचं. शेवटी एकटी कवडी उरली, तीही खुडूक, अंडी घालायचं थांबवून उबवायला बसलेली. कोंबडा खंगून मरायच्या आधीची तिची पाच अंडी आत्यानं मडक्यात राखेत जपली होती. त्यांतूनच पुन्हा खुराडं भरायचं होतं. नेमकी तेव्हाच मी नगरहून पोल्ट्रीतली नऊ अंडी घेऊन गेले. पांढरीशुभ्र, मोठी. आत्या ती कितीतरी वेळ फिरवून बघत राहिली.

“समदी एकाच मापाची कशी गं? यातलं तलंगीचं कंचं वळखावं?”

“आत्या, मोठ्या अंड्यातून पिल्लूही मोठं निघेल. हीच बसव.”

“तू शिकल्याली हायेस. तू म्हनतीस तर बसवते.”

मी मोठी शहाणी! तिची ती पाच अंडी आम्ही दोघींनी त्याच संध्याकाळी कांदा घालून खाल्ली.

एकवीस दिवस गेले, तीस गेले. कवडी उठेना. उपाशीपोटी अंड्यांवरच मेली. “माजा हातगुण गेला बग, पोरी,” आत्या म्हणाली. त्यानंतर कुणी बोलवायला आलं की ती हात पदराखाली घ्यायची.

खरं काय ते मला नगरच्या अंडीवाल्यानं हसत सांगितलं. “बाई, तिथं कोंबडाच नसतो. ती अंडी खायाची. पिल्लं कुठून निघनार?”

हे आत्याला सांगायला मी तीनदा पाथर्डीची एसटी धरली आणि तीनदा चहा पिऊन परत आले. पोरींना खरं बोला म्हणून शिकवणारी मी... मला लाज वाटली, दुसरं काही नाही.

तेराव्याला गेले तेव्हा तिच्या कोनाड्यात त्या नऊ अंड्यांतलं एक होतं, चुलीच्या धुरानं पिवळं पडलेलं. शेजारीण म्हणाली, “रोज हातात घेऊन बसायची. माजं कुटं चुकलं, म्हनायची.”

ते अंडं आता माझ्या टेबलावर असतं. तुझं काही चुकलं नव्हतं आत्या, असं मी रोज त्याला सांगते. हलवलं की आत काहीतरी सुकलेलं खडखडतं, तेवढंच.