कुंकू लावलेला 'सा'

आंजी गावच्या मंदाबाईनं १९९६ साली बायांचं भजनी मंडळ काढलं, तेव्हा तिच्या पेटीच्या एकाच पट्टीला कुंकू होतं. बाप्यांच्या मंडळानं ठरवून दिलेला तो 'सा'. बायांनीही तिथूनच गायचं. मजुरीवरून आलेल्या धुरपताचा जाड आवाज वर चढताना फाटला. तिनं मान खाली घातली.

"मले गाता येत नाई, बाई."

"काऊन नाई? 'सा' काय पेटीले खिळ्यानं ठोकला आहे?" मंदाबाई कडाडली. "तुह्या गळ्याले सोपं पडते तिथून सूर लाव!"

धुरपतानं लावला. मंदाबाईनं तो पेटीवर शोधला, आरतीच्या ताटातलं कुंकू त्या पट्टीला लावलं अन् तिथून सारेगम धरलं. धुरपता वरच्या 'सा'पर्यंत अलगद पोचली.

दहा वर्षांनी त्या पेटीवर कुंकू न लागलेली एकही पट्टी उरली नव्हती.