ओरडणारा पंखा आणि मुका पंखा

हे कागद कुणाच्या हाती लागलेच तर आधी माफी मागून ठेवते. माझी शाळा चौथीत सुटली. वेलांट्या मी अंदाजाने देते, आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी ते मलाच लागत नाही. चुकलं असेल तिथे तुमच्या मनाने नीट करून घ्या. फक्त मोठ्याने वाचू नका, मला लाज वाटते.

आमच्या खाडीकडच्या शेतात गोदाम उठलं ते नव्वद सालानंतर. जमिनीचे पैसे आले की गावात काय करायचं ते ठरलेलं होतं. दोन मजली घर बांधायचं, त्याला बाहेरून बाथरूमच्या फरश्या लावायच्या, आणि एक जीप घेऊन पैसे संपेपर्यंत मानकोली ते भिवंडी फिरवायची. आमच्या ह्यांनी आपल्या वाट्याच्या पैशातून शिडाचा जुना मचवा घेतला.

त्यात माल न्यायचा नाही, मासळी धरायची नाही. नुसतं फिरायचं. खाडीतून वसईला, तिथून समुद्राने खाली, मनाला येईल तिथे नांगर टाकायचा. ह्यांनी मचव्यावर लाकडाची खोली चढवली. आत दोन बाकं, स्टोव्ह, पाण्याचं पिंप. हे भिवंडीत लूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. शुक्रवारच्या सुट्टीला आणखी दोन दिवस चिकटवायचे, पोरं सासूबाईंकडे टाकायची आणि आम्ही निघायचो.

गाव हसलं. हसू दे. मी भित्री नाही, पण लाजरी आहे. हळदीला गेले तर भिंतीला पाठ लावून उभी राहते, आणि मांडव उघड्यावर असेल तर जातच नाही. मचव्यावर कुणी नसायचं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला अशी जागा मिळाली, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘जेवलात का’ विचारावं लागत नव्हतं. ती जागा गेली असती तर मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मचव्यावर ट्रकची एक बॅटरी होती. तिच्यावर खोलीतला बल्ब, रेडिओ आणि डोलकाठीवरचा दिवा. तो डोलकाठीवरचा दिवा महत्त्वाचा. रेतीच्या होड्या अंधारातही चालतात आणि पुढे कोण नांगरून पडलंय ते बघत नाहीत. बॅटरी भरायला ह्यांनी ठाण्याहून उन्हावर चालणारी काचेची प्लेट आणली. पहिल्याच फेरीत मी तिच्यावर जवळा वाळत घातला. इतकी छान तापलेली सपाट जागा गावात कुणाच्या अंगणात नव्हती. संध्याकाळी बल्ब लागेना. ह्यांनी सगळ्या वायरी उपसल्या आणि मग प्लेटीकडे बघितलं.

“अगो, ह्या प्लेटीनं ऊन खायाचं हाय, जवला न्हाय!”

जवळा काढला तरी फार फरक पडला नाही. दुपारभर शिडाची सावली प्लेटीवर, आणि आभाळ आलं की प्लेट म्हणजे नुसता आरसा. ऊन नसतं तेव्हा वारा असतो, मग वाऱ्यावर फिरून वीज करणारा पंखा हवा, असं ह्यांच्या डोक्यात आलं. असले पंखे परदेशी शिडांच्या बोटींवर असतात आणि मुंबईत गोदीजवळच्या भंगारवाल्यांकडे मिळतात, हे त्यांना कारखान्यात कुणीतरी सांगितलं होतं.

पैसे उरले नव्हते. हे गेले आक्कांकडे. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. भिवंडीत स्वतःचा लूमचा कारखाना, नवरा वारलेला, जीभ जिवंत.

“बापाची जमीन विकून होडी घेतलीस,” आक्का म्हणाल्या. “आता होडीला पंखा. उद्या होडीला उकडतं म्हनून फ्रीज मागशील.”

“आक्का, पाच हजार फक्त.”

“देते. पन दिवालीला माझे पैसे मना परत पायजेत. न्हाय तं मचवा रेतीवाल्याला. त्याच्याशी माझं बोलनं झालंय.” मग माझ्याकडे वळून, “काय गो वयनी, बरोबर न काय?”

मी मान हलवली. मी कशालाही मान हलवते. रेतीवाला माझी खोली उपटून तिथे रेती भरणार होता, आणि मी त्याला मान हलवली.

भंगारवाल्याकडे मला का नेलं देव जाणे. त्याच्याकडे दोन पंखे होते. एक सहा पात्यांचा, थोराड. दुसरा तीन पात्यांचा, सडपातळ. त्याने दोन्ही गच्चीवर नेऊन एकेक करून काठीला बांधले आणि खाली बल्ब जोडला. सहा पात्यांचा गुपचूप फिरू लागला. हे त्याच्या जवळ कान नेऊन उभे राहिले.

“ये चालू किधर हुआ?”

“सेठ, बल्ब देखो ना. जल रहा है.”

बल्ब लागला होता, मंद. पण हे बल्बाकडे कशाला बघतील? आयुष्यभर त्यांनी माग कानाने ओळखले. मग तीन पात्यांचा बांधला. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. मग गोदीकडून वाऱ्याचा झोत आला आणि त्याने असा आवाज काढला की शेजारच्या गच्चीवरची बाई कपडे टाकून खाली पळाली.

“हां! ये काम करता है,” हे म्हणाले.

भंगारवाला बिचारा म्हणाला, “सेठ, बड़ा हल्ला करता है. गोरे लोग इसीलिए निकाल देते हैं.”

“गोऱ्यांना काय समजतं?” हे मला म्हणाले. “तुला कसा वाटतो?”

मलाही तोच आवडला, हे खरं. भिवंडीत आम्ही राहतो त्या गल्लीत रात्रंदिवस लूमची खटखट. ती चालू असली की गल्ली झोपते, आणि लाइट जाऊन ती थांबली की सगळी गल्ली उठून बसते. मचव्यावरच्या शांततेत आम्हा दोघांनाही झोप लागत नव्हती. मी मान हलवली, आणि या वेळी मनापासून हलवली. सगळे पाच हजार तिथेच गेले.

होळीनंतर पंखा चढवला. पहिल्या फेरीला आक्का आल्या, त्यांना आपले पैसे फिरताना बघायचे होते. वारा हलका होता. तिन्ही पाती आहेराची वाट बघणाऱ्या जावयांसारखी बसून राहिली.

“फिरव की,” आक्का म्हणाल्या.

“वारा येऊ दे.”

“वारा आला तं माझा पदरपन फिरंल. त्याला पाच हजार कशाला?”

दुपारी वारा आला. पंखा किंचाळला, डोलकाठी थरथरली, चहा बशीत आणि बशी आक्कांच्या मांडीवर. पुढे सगळा वेळ आक्का बोलत होत्या आणि एक शब्द ऐकू येत नव्हता. मला तो प्रवास फार आवडला. पण वारा पडला तसा दिवा मिणमिणला आणि विझला. घुबडाच्या आवाजाचं पाच हजाराचं यंत्र आम्ही घेतलं होतं. दिवाळीला मचवा जाणार हे मला तेव्हाच दिसलं.

भंगारवाला पंखा परत घेईना. कारखान्यातले लोक ह्यांना ‘पंखेवाले’ म्हणू लागले. उन्हाळ्यात एकदा आम्ही अंजूर गावाखाली, बांधाशेजारी नांगर टाकला होता. हे रॉकेल आणायला गेले होते. दुपारचा वारा चढला, पंखा बोंबलू लागला. बांधावरून एक माणूस छत्री हलवत धावत आला. शिव्या द्यायला आला असणार म्हणून मी खोलीत शिरले. तो बांधाला लावलेलं होडकं वल्हवत थेट मचव्याजवळ आला.

“ओ वयनी! बाहेर या! पंखा बंद नका करू!”

बांधापलीकडे त्याचं कोळंबीचं तळं होतं. बगळे त्याची अर्धी कोळंबी खात. “दोन रखवालदार ठेवलेत,” तो ओरडला, “दोगंबी बगल्यांच्या शेजारी झोपतात! पंखा वराडल्यापासनं एक बगला उतरला न्हाय. कितीला देता?”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. परका माणूस, मी एकटी.

“तीन हजार देतो.”

मी पदर तोंडाशी धरला.

“बरं, चार. फॉरेनचा हाय, मना कलतंय.”

मी पाण्याकडे बघत राहिले. हे लवकर येऊ देत, एवढंच मनात.

“तुमी लय पक्क्या हाव, वयनी. पाच! साडेपाच!”

मला रडू यायच्या बेतात होतं. मी तोंड फिरवलं. तो सहावर गेला, मग रागाने छत्री आपटून म्हणाला, “सात! याच्या वर माझी बायको मना तल्यात बुडवंल!”

तेवढ्यात हे आले. त्यांनी ‘सात’ ऐकलं आणि होडीत पाय टाकायचा तो पाण्यात टाकला.

तळेवाल्याने दोन हजार रोख दिले आणि पंखा काढून नेला. बाकीचे पाच दिवाळीआधी, कोळंबी काढल्यावर. ते दोन हजार आक्कांना द्यावेत असं मला वाटत होतं. हे दुसऱ्या दिवशी ते घेऊन भंगारवाल्याकडे गेले आणि कुणालाच नको असलेला सहा पात्यांचा पंखा घेऊन आले.

“एका पंख्यानं अक्कल आली न्हाय?” आक्का कपाळ बडवत म्हणाल्या.

पावसात मचवा शाकारून ठेवला. नारळी पुनवेनंतर पाण्यात ढकलला आणि मुका पंखा चढवला. हे दर तासाला डोलकाठीला कान लावून उभे, नाडी बघितल्यासारखे. आवाज नाहीच. पण पहाटे जमिनीकडून येणाऱ्या झुळकीवरसुद्धा तो फिरायचा, आणि डोलकाठीवरचा दिवा उजाडेपर्यंत राहायचा. आम्ही झोपायचो नाही ती गोष्ट वेगळी. आलटून पालटून उठून बल्ब बघायचो. दोन-चार फेऱ्यांनी सवय झाली.

पण पाच हजारांचा पत्ता नव्हता. दसरा गेला. तळ्याचा बांध फुटला, कोळंबी खाडीत गेली, असं गावात कुणी म्हणालं. आक्का एका सकाळी रेतीवाल्याला घेऊन काठावर आल्या. तो माणूस टेप लावून माझ्या खोलीची लांबी मोजत होता, आणि मी आतल्या बाकावर बसून टेपेचं दुसरं टोक धरलं होतं. त्याने धरायला सांगितलं म्हणून.

वसुबारसेला तळेवाला घरी आला. बांध फुटला होता, पण दुसऱ्याच्या तळ्याचा. त्याने कोळंबीची टोपली आधी ठेवली, मग पैसे. मला म्हणाला, “वयनी, तुमच्याशी पुना कदी सौदा करनार न्हाय.”

आम्ही तसेच आक्कांकडे गेलो. आक्कांनी नोटा नाकाला लावल्या, तोंड वाकडं केलं, बोटाला थुंकी लावून दोनदा मोजल्या. एक नोट फाटकी निघाली. ती त्यांनी बाजूला सारली. ह्यांनी खिशातून दुसरी दिली. आक्कांनी ती उजेडात धरून बघितली, गठ्ठ्यात घातली आणि म्हणाल्या, “फिटले.”