मामींची बाग उघडते

माणसं झाडांच्या सोयीसाठी जन्माला येतात, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, ती म्हणजे माझी मामेसासू. गंगापूर रोडला, धरणाच्या अंगाला, मामांनी बांधलेला बंगला आणि त्याभोवती चार एकर बाग. आजूबाजूचे द्राक्षमळे जाऊन तिथे सातमजली इमारती उभ्या राहिल्या, पण मामींचं एक पानही हललं नाही. लग्नानंतर आम्ही जोडीने पाया पडायला गेलो, तेव्हा आशीर्वादाच्या आधी त्यांनी मला विचारलं, “जावईबापू, बूट कितव्या नंबरचे?” मी दहा म्हणालो. “मग फरशीवरूनच चाला,” त्या म्हणाल्या आणि नंतर अष्टपुत्रा वगैरे झालं. जुन्या हापूसला त्या अहो म्हणायच्या, मोगऱ्याला अगं, आणि पाहुण्यांना बहुधा काहीच नाही, कारण पाहुणे व्हरांड्याच्या पुढे जातच नसत. लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं चुकून आत शिरलं, तर मामींनी दोघांच्या हाती खुरपी देऊन तासभर गवत काढून घेतलं. संसाराची ओळख अशीच होते, असं वर ऐकवलंही. ते जोडपं अजून दिवाळीला त्यांच्याकडे फराळ घेऊन येतं.

अशा बाईने बाग लोकांसाठी उघडली, याचं कारण सोमा. सोमा त्यांचा माळी, पेठकडच्या डोंगरातला, वीस वर्षं जुना. एकदा महिनाभर तो पाणी घालताना उभ्या उभ्या पेंगायला लागला. मामींनी दोनदा खडसावलं, तिसऱ्यांदा कारण विचारलं. बायको दवाखान्यात आहे आणि आपण बाहेर फुटपाथवर झोपतो, हे त्याने काल पाऊस पडला म्हणावं तितक्या साधेपणाने सांगितलं. दुपारी रिक्षा करून मामी दवाखान्यात गेल्या. बायकोला भेटल्या, आणि मग भिंतीकडेला तीन विटांवर भात शिजवणारे पन्नासेक नातेवाईक बघून आल्या. परत येऊन त्यांनी मला फोन केला. पेशंटच्या माणसांना राहायला दोन खोल्या बांधायच्या, त्यासाठी बाग तिकीट लावून दाखवायची, आणि तिकिटं मी खपवायची. सोमाला त्याच दिवशी बंगल्यातली मागची खोली मिळाली. तिथली गादी त्याला इतकी मऊ वाटली, की तो आठवडाभर खाली जमिनीवरच झोपला.

मार्चमधला रविवार ठरला. तिकिटं सातपूरच्या कारखान्यांपासून निफाडच्या बागायतदारांपर्यंत गेली. दीडशे गुलाब ऐन भरात होते. आणि गुरुवारी दुपारी गारा पडल्या. पंधरा मिनिटांत गुलाबांच्या काड्या मोडल्या, हापूसचा मोहर जमिनीवर आला, हिरवळीवर पानांचा चिखल झाला. आम्ही सगळे मामींना कार्यक्रम पुढे ढकला म्हणून सांगायला गेलो. त्या गुडघाभर चिखलात उभ्या होत्या.

“घरात आजारी माणूस असलं म्हणजेच तर लोक भेटायला येतात,” त्या म्हणाल्या. “रविवारीच या म्हणावं.”

रविवारी फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग होती. मामी वीस-वीस जणांना घेऊन हिंडल्या आणि नसलेली फुलं दाखवत राहिल्या. हा गुलाब कुणी दिला, हा दुष्काळात कसा तगला, याला कुठल्या पाण्याचा राग आहे. लोक हसत होते, मग वाकून बघत होते. निफाडकडचे एक बागायतदार मात्र गुलाबांपाशीच थांबले. त्यांनी एक मोडकी काडी नखाने खरवडली आणि आतला हिरवा रंग मामींना दाखवला.

“आमच्या द्राक्षांचंबी औंदा असंच झालंय, ताई. पण काडी जिवंत हाय. छाटा, लय फुटंल.”

मामींनी आयुष्यात कुणाला दिली नव्हती ती आपली छाटणीची कात्री त्यांच्या हातात दिली. पुढच्या दहा मिनिटांत मावशा पदर खोचून पानं गोळा करत होत्या आणि सातपूरचे दोन फिटर गारांनी पडलेला वेलींचा मांडव उभा करत होते. फरशी सोडून सगळीकडे माणसं होती. एकाचा पाय शेवंतीवर पडला. मामींनी पाहिलं, श्वास घेतला आणि म्हणाल्या, “राहू दे, येईल ती परत.” वीस वर्षांत पहिल्यांदाच असं ऐकून सोमाच्या हातातली पाटी खाली पडली. संध्याकाळपर्यंत दीडशेच्या दीडशे झाडं छाटून, माती लावून तयार होती. बाग बघायला पैसे भरून आलेले लोक बागेत राबून, हात धुऊन, वर देणगीच्या पेटीत आणखी पैसे टाकून गेले. बरी झालेली सोमाची बायको मामींच्या हाताला धरून सगळी बाग फिरली. दोघीही दमल्या होत्या. कोण कुणाला सावरतंय ते कळत नव्हतं.

मे महिन्यात गुलाब असे फुलले, की पानं दिसेनात. पावसाळ्याआधी दवाखान्यासमोर दोनाच्या चार खोल्या उभ्या राहिल्या. उद्घाटनाची फीत मामींनी सोमाला कापायला लावली आणि स्वतः मागच्या ओळीत बसल्या.

हल्ली मामींचे गुडघे दुखतात, बाग त्या खुर्चीतूनच बघतात. पण रविवारी चारच्या सुमारास आधण ठेवायला सांगताना त्या हटकून सात-आठ कप जास्त सांगतात. कधी कुणी येतं, बहुतेकदा नाही. मग सोमा आणि त्या व्हरांड्यात समोरासमोर बसून दोघांना पुरेल तेवढा चहा पितात, आणि उरलेला तसाच झाकून ठेवतात.